पोट भरल्यानंतरची गोष्ट

२०११ साली जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी येऊन गेली. त्यानंतर जपानी रेड क्रॉसने बेघर झालेल्या कुटुंबांना विजेवर चालणाऱ्या वस्तूंचा एक संच वाटला. जगभरातून आलेल्या देणग्यांवर हे वाटप झालं आणि सव्वा लाखाहून जास्त कुटुंबांना ते मिळालं. संचात वस्तू सहा. कपडे धुण्याचं यंत्र, टीव्ही, फ्रिज, भाताचा कुकर, मायक्रोवेव्ह आणि पाणी गरम ठेवणारा पॉट. सहातल्या चार वस्तू थेट स्वयंपाकघरातल्या. ज्याचं सगळं वाहून गेलंय त्याला आधी काय लागेल, याचा इतका नेमका विचार करणाऱ्याला दाद द्यावी तेवढी थोडी.

आता गंमत बघा. फ्रिज आला, कुकर आला, दुकानं उघडली, हातात भरपाईचे पैसेही आले. आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत डॉक्टरांना या लोकांमध्ये एक विचित्र जोडी दिसू लागली. वजनं वाढत होती आणि ताटं रोडावत होती. फळं कमी, भाज्या कमी, सोयाबीनचे पदार्थ कमी, दूध कमी. पोटाचा घेर मात्र जास्त. उपासमारीचे दिवस कधीच मागे पडले होते. मग हे काय चाललं होतं?

ही गोष्ट नीट कळायला सुरुवातीपासून जावं लागेल.

११ मार्च २०११, दुपारचे २ वाजून ४६ मिनिटं. ९.० तीव्रतेचा भूकंप, पाठोपाठ त्सुनामी आणि मग फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातला अपघात. साडेचार लाखांहून जास्त माणसं घराबाहेर पडली आणि शाळांच्या व्यायामशाळांत, सभागृहांत जाऊन राहिली. त्या थंडीत पहिल्या दिवसांचं जेवण म्हणजे ओनिगिरी, म्हणजे मुठीत दाबून केलेला भाताचा गोळा. काही ठिकाणी एकाच गोळ्याचे वाटे करून खावे लागले. पुढे पाव आले, कपातल्या नूडल्स आल्या. पुन्हा भात, पुन्हा पाव, पुन्हा नूडल्स.

मदत नेहमी अशीच का येते? कारण ट्रकमध्ये जे टिकतं, एकावर एक रचता येतं आणि सगळ्यांना मोजून सारखं देता येतं, तेच पुढे पाठवलं जातं. पालक रचता येत नाही. मासा टिकत नाही. त्यात जपानी निवाऱ्यांची समानतेची शिस्त अशी की, आलेला माल सगळ्यांना पुरणार नसेल तर तो कुणालाच द्यायचा नाही, असंही ठिकठिकाणी घडलं. तीनशे माणसं आणि दोनशे सफरचंदं असतील तर सफरचंदं खोक्यातच राहणार. न्याय झाला खरा, पण जीवनसत्त्व क चं काय?

आकडेही बोलके आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला मियागी प्रांतातल्या निवाऱ्यांमधल्या जेवणाची पाहणी झाली. माणशी सरासरी ऊर्जा निघाली सुमारे १,५५० किलोकॅलरी, प्रथिनं सुमारे ४५ ग्रॅम आणि क जीवनसत्त्व अवघं ३२ मिलिग्रॅम. म्हणजे महिना होत आला तरी पोट अर्धवट आणि ताट जवळजवळ पांढरंफटक. २१ एप्रिलला सरकारने निवाऱ्यांसाठी लक्ष्य ठरवून दिलं: २,००० किलोकॅलरी, ५५ ग्रॅम प्रथिनं, १०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि १.१ मिलिग्रॅम ब१.

या यादीत ब१ का आलं, यामागे मोठा इतिहास आहे. पिष्टमय अन्नातून ऊर्जा काढायला शरीराला ब१ लागतं आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते जवळजवळ नसतं. नुसत्या पांढऱ्या भातावर राहिलेल्या माणसाला बेरीबेरी होतो. एदो काळात, म्हणजे आजच्या तोक्योच्या जुन्या दिवसांत, गावाकडून राजधानीत आलेले सामुराई तिथला ऐटीतला पांढराशुभ्र भात खाऊन पाय सुजून आजारी पडायचे आणि गावी परतून जाडंभरडं खाल्लं की बरे व्हायचे. जागा बदलली की ताट बदलतं आणि ताट बदललं की शरीर बोलतं, हे जपानने तेव्हाच पाहिलं होतं. एकविसाव्या शतकातल्या व्यायामशाळेत तोच भात पुन्हा तसाच पुढे आला.

निवाऱ्यातल्या जेवणाविषयी वाचताना मला सगळ्यात चकित करणाऱ्या दोन गोष्टी जेवणाच्या बाहेरच्याच निघाल्या. संडास आणि कवळी.

पाण्याची नळयंत्रणा तुटलेली, तात्पुरते संडास घाणेरडे, दूर, अंधारात आणि बरेचसे उकिडवं बसायचे. मग गुडघे दुखणाऱ्या आजींनी काय केलं? पाणीच पिणं सोडलं. शेकडो माणसांच्या दाटीत एका जागी बसून राहणं आणि वर पाणी कमी, याचा परिणाम म्हणजे पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या. एखादी गुठळी सुटून फुप्फुसात गेली की माणूस दगावतो. २००४ च्या चुएत्सु भूकंपानंतर गाडीत झोपणाऱ्या काही लोकांचे जीव असेच गेले होते. म्हणजे घोटभर पाणी पिण्याचा निर्णय तहान घेत नव्हती, संडासाची वाट घेत होती.

आणि कवळ्या! त्सुनामी आली तेव्हा धावत सुटलेल्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या घरात, पेल्यात राहिल्या. थंड पडून घट्ट झालेला भाताचा गोळा बिनदातांनी कसा खायचा? शिवाय पाणी नाही म्हणून तोंड धुणं नाही, दात घासणं नाही. तोंडातले जंतू वाढतात, गिळताना घास चुकतो आणि ते जंतू थेट फुप्फुसात पोचतात. केसेन्नुमा या बंदराच्या गावात त्सुनामीनंतरच्या आठवड्यांत वृद्धांमध्ये न्यूमोनियाची मोठी लाट आली. दातांचे डॉक्टर निवाऱ्यांमध्ये फिरून तोंडं साफ करू लागले. जेवणाची काळजी घ्यायची म्हणजे आधी तोंडाची घ्यायची, हे आपत्तीच्या तयारीच्या यादीत सहसा कुणी लिहीत नाही.

इथवर तुटवड्याची गोष्ट झाली. खरी नवलाची गोष्ट याच्या पुढे सुरू होते, जेव्हा तुटवडा संपतो.

उन्हाळ्यापर्यंत तात्पुरत्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. एका घराचं मोजमाप साधारण ३० चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. पातळ भिंती, जेमतेम ओटा, एक सिंक. कागदावर मुदत दोन वर्षांची, पण हजारो कुटुंबं त्याहून कितीतरी जास्त काळ तिथे राहिली. फुकुशिमा प्रांताने या विस्थापितांच्या तब्येतीचा प्रदीर्घ अभ्यास सुरू केला. अपघाताआधीचं आणि नंतरचं वजन ताडून पाहिलं, तर साधारण दीड वर्षाच्या अवधीत घर सोडावं न लागलेल्यांचं वजन सरासरी ०.३ किलोने वाढलं होतं आणि घर सोडावं लागलेल्यांचं १.२ किलोने. किलोभर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण ही हजारो माणसांची सरासरी आहे. तिच्या मागोमाग मधुमेह आला, रक्तदाब आला, रक्तातली चरबी आली. मुलंही सुटली नाहीत. किरणोत्साराच्या भीतीने त्यांचं बाहेर खेळणं बंद झालं आणि २०१२ च्या शालेय तपासणीत फुकुशिमाच्या मुलांचा लठ्ठपणा देशात वरच्या क्रमांकावर गेला.

नेहमीचं उत्तर असं की, ताण आला की माणूस खातो आणि बसून राहिला की फुगतो. ते खोटं नाही. पण त्याने अर्धंच कोडं सुटतं. भाज्या का कमी झाल्या? पैसे होते की. अणुवीज कंपनीकडून विस्थापितांना मानसिक त्रासाची भरपाई म्हणून माणशी महिना एक लाख येन मिळत होते. बाजार होता, नसेल तिथे दुकानदार छोट्या टेम्पोत माल भरून घरांच्या रांगांपर्यंत येत होते. मग?

या प्रश्नाचं उत्तर मिळवायला फुकुशिमातल्या आबुकुमाच्या डोंगराळ पट्ट्यात जायला हवं. तिथलं इइताते हे गाव घ्या. समुद्रापासून आत, पठारावर, थंड हवेचं. वीजकेंद्रापासून इतकं दूर की आधी कुणाला भीती वाटली नाही. वाऱ्याने मात्र किरणोत्सारी ढग नेमका तिथेच नेला आणि पाऊस-बर्फाने तो खाली उतरवला. अख्खं गाव उठवावं लागलं. अशा गावातल्या घरात भाजी विकत आणायची पद्धतच नव्हती. तांदूळ स्वतःचा, मिसो घरचा, लोणच्यांची पिंपं कोठीत. वसंतात रानभाज्या, शरदात अळंबी. नदीचा मासा कुणीतरी आणून द्यायचं, त्याच्या घरी आपले मुळे जायचे. घरखर्चाच्या वहीत या कशाचीच नोंद नसे, कारण खर्च झालेलाच नसे.

आता त्याच घरातली बाई सुपरमार्केटमध्ये उभी आहे. हातात पिशवीबंद कोबीचा अर्धा गड्डा. आयुष्यभर जी वस्तू परसातून उपटून आणली आणि उरली तर शेजारी वाटली, तिच्यासाठी पैसे मोजायचे? हात आखडतो. हा कंजूषपणा म्हणायचा का? मी म्हणणार नाही. ज्या गोष्टीला कधी किंमतच नव्हती, तिची कुठलीही किंमत जास्तच वाटते. आपल्याकडे कोकणातून मुंबईत आलेल्या कुठल्याही आजीला नारळाचा भाव विचारून बघा.

दुसरं असं की, भाजी मिळण्याच्या वाटेवर कितीतरी हालचाल होती. पाठीत वाकणं, उपटणं, धुणं, चढण चढून शेजारणीकडे जाणं, तिथे चहा, परत येणं. ताटातल्या एका पातीमागे तासाभराचं चालणं होतं. ती पात पिशवीत आली तेव्हा चालणं गेलं, बोलणं गेलं आणि शेवटी पातही गेली. देवाणघेवाणीचा आणखी एक कडक नियम असतो: ज्याच्याकडे परत द्यायला काही नाही, तो घ्यायला बिचकतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात शेजारी होता, पण त्याला द्यायला मुळा नव्हता.

शिवाय घरंच फुटली. तीन पिढ्या एका छपराखाली राहणारी कुटुंबं तात्पुरत्या घरात मावणार कशी? आजी-आजोबा एकीकडे, सून आणि नातवंडं दूरच्या शहरात भाड्याच्या घरात, मुलगा नोकरीच्या गावी. पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाक आजीच्या हातात होता. आता आजी दोघांपुरता भात लावते, त्यातला उरलेला दुसऱ्या दिवशी खाते. सून कामावरून येताना तयार डबा उचलते. असंच उठवलेल्या फुताबा गावची माणसं तर साइतामा प्रांतातल्या काझो इथल्या एका बंद पडलेल्या शाळेत वर्गावर्गांतून राहिली. तिथे प्रत्येकाची चूल नव्हतीच, डबे यायचे. दिवसामागून दिवस डबेच. हा निवारा २०१३ च्या अखेरीला बंद झाला, म्हणजे पावणेतीन वर्षांनी! डबा वाईट नसतो. पण मीठ, तळण आणि भात यांच्या प्रमाणाला त्यात कुणाचा हात लागत नाही. आपल्याला कमी तिखट लागतं, हे सांगायलाही समोर कुणी नसतं.

ओकुमा गावच्या लोकांची तऱ्हा आणखी न्यारी. त्यांचं गाव समुद्रकाठी, बर्फ फार नाही, ताजा मासा दाराशी. गावाचं कार्यालय आणि शाळा हलवल्या त्या आइझु-वाकामात्सु शहरात. प्रांत तोच, अंतर शंभरेक किलोमीटर. पण आइझु म्हणजे डोंगरांनी वेढलेलं, कंबरभर बर्फाचं खोरं. समुद्र दूर असल्याने तिथल्या पाककलेत मासा येतो तो वाळवून. उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून जहाजाने आणि मग नदीवाटे येणारा सुका हेरिंग मासा सानशोच्या पानांत, व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये मुरवतात. सुक्या शिंपल्यांच्या पाण्यात कंदमुळं शिजवून सणाचं सार करतात. आइझुकरांचा जीव या पदार्थांत अडकलेला. आणि समुद्रकाठच्या माणसाला मात्र मुरवलेला सुका मासा म्हणजे शिक्षाच. मालवणच्या माणसाला सोलापुरात नेऊन बसवलं आणि सुकटीवर दिवस काढ म्हटलं, तर तो काय म्हणेल? एकाच प्रांतात राहून ही माणसं परमुलखात गेली होती.

बरं, गावाकडून आणता आलं असतं का? इथे अपघातातून बाहेर पडलेलं किरणोत्सारी सीझियम आडवं येतं. सीझियम-१३७ ची मात्रा अर्धी व्हायला ३० वर्षं लागतात आणि त्याची रासायनिक ठेवण पोटॅशियमसारखी असते. झाडाची मुळं पोटॅशियम समजून त्याला आत घेतात. ही फसगत थांबवण्यासाठी फुकुशिमाच्या शेतकऱ्यांनी साधी आणि सुंदर युक्ती वापरली. भातशेतात भरपूर पोटॅशियम खत टाकलं. मुळांना खरं पोटॅशियम पोटभर मिळालं की ती सीझियमकडे वळत नाहीत. २०१२ पासून प्रांतातल्या तांदळाचं प्रत्येक पोतं किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राखालून जाऊ लागलं, वर्षाला सुमारे एक कोटी पोती. किलोमागे १०० बेकरेल (हे किरणोत्साराचं माप) ही मर्यादा पहिल्या वर्षी ७१ पोत्यांनी ओलांडली. २०१५ च्या पिकापासून एकाही पोत्याने ओलांडली नाही.

शेतात हे जमलं. रानात कोण खत टाकणार? जंगलात पानं गळतात, कुजतात आणि तेच सीझियम पुन्हा मुळांत, बुरशीत, पानांत चढतं. अळंबी आणि कोशिआबुरा नावाच्या झाडाचे कोवळे कोंब तर ते फारच धरून ठेवतात. नेमकी हीच रानभाजी आबुकुमाच्या माणसाची वसंतातली चैन. गावोगावच्या सभागृहांत मोजणीची यंत्रं आली. म्हातारी माणसं कोंबांची जुडी, अळंबीची टोपली घेऊन यायची. जुडी चिरून, भांड्यात दाबून यंत्रात ठेवायची, आकड्याची वाट बघायची. आकडा मोठा आला तर टाकून द्यायची. काही आजोबा मात्र माझ्या वयाला आता काय होणार, असं म्हणून ती घरी नेऊन खायचे, फक्त नातवंडांना देत नसत. ताटात पूर्वी फक्त चव आणि ऋतू होते, आता बेकरेल आले. सूनबाई मुलांसाठी पश्चिम जपानातली भाजी निवडून घेई आणि सासूने प्रेमाने पिकवलेली परत पाठवी. यात चूक कुणाचीच नव्हती, पण भांडणं झाली.

आता जरा सूक्ष्म जगाकडे वळू, कारण चवीचा सगळ्यात नाजूक भाग तिथे असतो.

रिकुझेनताकाता गावात यागिसावा नावाची १८०७ सालची सोया सॉसची पेढी होती. त्सुनामीने तिच्या इमारती, लाकडी पिंपं, सगळं नेलं. सोया सॉस म्हणजे सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी. मग पुन्हा करायला अडचण काय? अडचण अशी की, या पेढीचं विरजण वाहून गेलं होतं. दोनशे वर्षं त्या पिंपांच्या लाकडात मुरलेले यीस्ट आणि जिवाणू हेच त्या सॉसची खरी चव होते आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. योगायोग बघा: पेढीने आपल्या आंबवणाचा थोडासा नमुना कामाइशीतल्या एका संशोधन केंद्राला दिलेला होता. ते केंद्रही त्सुनामीत सापडलं. पण एप्रिल २०११ मध्ये तिथल्या ढिगाऱ्यात तो नमुना शाबूत सापडला. त्यातले सूक्ष्मजीव वाढवून पेढीने नव्याने सॉस घातला आणि २०१४ मध्ये तो बाजारात आला. गावातली माणसं विखुरली, घरं गेली, पण जिभेला ओळखीचं वाटेल असं काहीतरी चार किलो चिखलासारख्या लगद्यातून परत आलं. मला तर ही त्या सगळ्या काळातली सगळ्यात अद्भुत गोष्ट वाटते.

इइतातेचं विरजण वेगळं होतं: तिथली थंडी. हिवाळ्यात तिथे शिमिमोची करतात. चिकट तांदळाच्या लगद्यात एका रानटी झाडाची पानं कुटून घालायची, त्याच्या चकत्या पाण्यात भिजवायच्या, दोरीला ओवून घराच्या वळचणीला टांगायच्या. रात्री गोठतात, दिवसा वारा लागतो, ओल उडून जाते. महिना-दीड महिन्यात त्या इतक्या हलक्या आणि कोरड्या होतात की वर्षानुवर्षं टिकतात. पानांच्या तंतूंमुळे गोठताना चकती तडकत नाही. या पदार्थाची पाळंमुळं दुष्काळाच्या काळातल्या साठवणीत सांगतात. गाव उठल्यावर तो करणाऱ्या बाया खाली फुकुशिमा शहरात आल्या, जिथे तशी थंडी नाही, ती पानं नाहीत, वळचणही नाही. तरी त्यांच्यातल्या काही जणींनी २०११ मध्येच विद्यापीठाच्या मदतीने एक गट उभा केला, स्वयंपाकघर मिळवलं आणि डबे, लोणची, मोची करून विकायला सुरुवात केली. सरकारी मर्यादेहून कडक मर्यादा स्वतःवर घालून घेतली. मालाचं मोजमाप दाखवून विकलं. विस्थापितांना मदत म्हणून डबा मिळत होता. या बायांनी डबा उलट्या दिशेने पाठवला.

नामिए गावचा पदार्थ याहून गावरान. जाड शेवयांसारख्या नूडल्स, डुकराचं मांस, मोड आलेल्या डाळीचे कोंब, गडद सॉस. १९५० च्या दशकात कष्टकऱ्यांचं पोट स्वस्तात भरावं म्हणून निघालेली ही याकिसोबा. अपघातानंतर गाव पूर्ण रिकामं झालं, वीस हजारांहून जास्त माणसं देशभर पांगली. पण कढई आणि कालथा घेऊन गावचं एक पथक जत्रांमधून फिरत राहिलं. २०१३ मध्ये आइची प्रांतातल्या तोयोकावा इथे स्थानिक खाद्यपदार्थांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना सुवर्णपदक मिळालं, तेव्हा गावात राहायला अजून कुणालाही परवानगी नव्हती. ज्या गावात कुणी राहत नाही त्याचा पदार्थ देशात पहिला आला! विखुरलेल्या नामिएकरांना वर्षातून एकदा भेटायचं ठिकाण मिळालं, ते याच कढईभोवती.

सगळ्यांकडे असा पदार्थ नव्हता. सगळ्यात अवघड गेलं एकट्या पुरुषांना. बायको गेलेली किंवा दूर, आयुष्यभर समुद्रावर किंवा शेतात काम केलेलं, भात लावायचा कसा हेही ठाऊक नाही. नूडल्सचा कप, गोड कॉफीचा डबा, संध्याकाळी दारू. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तात्पुरत्या घरांत एकटीच मरून पडलेली आणि उशिरा सापडलेली माणसं जपान विसरलेला नव्हता. म्हणून तोहोकुत, म्हणजे ईशान्य जपानात, गावोगावी पुरुषांसाठी स्वयंपाकाचे वर्ग निघाले. साठी-सत्तरीचे कोळी अ‍ॅप्रन बांधून गाजर चिरायला शिकले. आजोबांना निव्वळ गप्पा मारायला या म्हटलं तर येत नाहीत. गाजर चिरायला या म्हटलं की येतात. सोमा शहराने एकट्या वृद्धांसाठी चाळीसारखी घरं बांधली, त्यात कपडे धुण्याची यंत्रं मुद्दाम सामाईक ठेवली आणि दुपारचं जेवण एकत्र घ्यायची सोय केली. ज्या रेड क्रॉसने घराघरात यंत्र दिलं त्याच्या बरोबर उलटी चाल! दोन्हींमागचा हेतू चांगलाच, पण सोमाची चाल मला जास्त शहाणी वाटते.

रिकुझेनताकातात इस्पितळातल्या डॉक्टरांनी आणखी एक उपाय काढला: तात्पुरत्या घरांजवळ पडीक जमिनीचे वाफे पाडून द्यायचे. उद्देश काय, तर बसून राहिलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होऊ नयेत. वाफ्यात मुळा लागला, मुळा शेजारी गेला, शेजारून वांगी आली. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता न येणारं बरंच काही त्या वाफ्यांनी परत आणलं.

आपल्याकडे हे पाहायचं तर किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादेत भूकंप झाला आणि ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, ओळीत घरं, काँक्रीटची छतं. ओळी आखणाऱ्यांनी ज्वारीच्या भाकरीचा विचार फारसा केला नव्हता. चुलीचा धूर कुठे जाणार, पीठ मळायला बाई खाली कुठे बसणार, सरपण कुठे राहणार, म्हैस कुठे बांधणार? अनेक कुटुंबांनी नव्या पक्क्या घरामागे पत्र्याची शेडं उभी केली, तिथे चूल मांडली आणि घरातलं स्वयंपाकघर सामान ठेवायला वापरलं. भाकरीने आपली जागा स्वतःच शोधली, हे खरं. पण ज्या घरी म्हैस गेली त्या घरचं ताक गेलं, आणि ताक काही शेडमध्ये मांडता येत नाही.

जपानने २०११ मधून एक व्यवहारी धडा घेतला. २०१२ मध्ये तिथल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने आपत्तीसाठी स्वतंत्र पथक उभं केलं. २०१६ चा कुमामोतोचा भूकंप असो की २०२४ चा नोतोचा, ही पथकं निवाऱ्यांत गेली. बाळांचं दूध, गिळता न येणाऱ्यांसाठी मऊ अन्न, अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी वेगळा डबा, या गोष्टी शोधून पोचवणं हे त्यांचं काम.

आपल्याकडे अशी पथकं होतील तेव्हा होतील. तोवर पुढच्या वेळी कृष्णा-पंचगंगेला पूर आला आणि तुमच्या गल्लीतून मदतीचा टेम्पो निघाला, तर बिस्किटांच्या खोक्यांवर दोन गोण्या पेरू आणि लिंबं टाका. बिनदातांच्या माणसांसाठी मऊ खिचडीची सोय आहे का ते विचारा आणि संडास किती आहेत हेही विचारा. आणि पूर ओसरून, वर्तमानपत्रं दुसऱ्या बातमीकडे वळल्यावर, सहा महिन्यांनी पुन्हा एकदा जा. त्या वेळी बरोबर मेथी, मुळा आणि घेवड्याचं बी न्या.